लोहाचे ओझे आणि एक गोळी: देवळाली, मुंबई, टोरांटो

१/
शरीरात साठलेले लोह बाहेर काढणाऱ्या पहिल्या गोळीला जगात सर्वप्रथम परवानगी मिळाली ती भारतात. साल १९९४, कंपनी मुंबईची सिप्ला. युरोपने तिला १९९९ साली मान्यता दिली, अमेरिकेने २०११ साली, आणि जेथे तिच्यावरून सर्वांत मोठा वाद पेटला त्या कॅनडाने २०१५ साली. एकाच औषधाबाबत देशादेशांत दोन दशकांचे अंतर का पडले? भारताने घाई केली, की इतरांनी विलंब लावला? या प्रश्नाचा शोध नाशिकजवळच्या देवळालीपासून सुरू करता येतो. #थ्रेड

२/
देवळाली ही ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेली लष्करी छावणी. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक येथे महिनोन्‌महिने अडकून पडत. त्या कंटाळ्यातून वेड लागण्याला सैनिकी बोलीत ‘डूलॅली’ म्हटले जाऊ लागले आणि आपल्या देवळालीचे नाव इंग्रजी कोशांत जाऊन बसले. १९४७ च्या फाळणीनंतर मात्र या गावाच्या वाट्याला निराळे पाहुणे आले. सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी मुंबई प्रांतातील ज्या लष्करी छावण्या उपयोगात आणल्या गेल्या, त्यांत कल्याण आणि पिंपरीबरोबर देवळालीही होती. कल्याणच्या छावणीचे पुढे १९४९ साली उल्हासनगर झाले.

३/
घरदार मागे टाकून आलेल्या या लोकांनी सोबत काय आणले? भाषा, व्यापाराची चिकाटी, झुलेलालाची भक्ती. आणि आणखी एक गोष्ट, जी त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हती: रक्तपेशींतील एका प्रथिनाच्या आराखड्यातला छोटासा बदल. तो एकाच पालकाकडून आला, तर माणूस आयुष्यभर निरोगी राहतो. फार तर थोडा फिका दिसतो. आई आणि वडील दोघांकडून आला, तर मात्र बाळ सहा महिन्यांचे होते न होते तोच पांढरे पडू लागते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात असे मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते.

४/
हा आजार म्हणजे थॅलेसेमिया मेजर. अमेरिकेतील डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ साली त्याचे वर्णन केले. त्यांच्यापुढची मुले भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून आलेल्या कुटुंबांतील होती. म्हणून १९३२ साली दोन अमेरिकी वैद्यांनी ग्रीक भाषेतील ‘थॅलासा’, म्हणजे समुद्र, या शब्दावरून त्याचे नामकरण केले. नाव सुंदर होते, पण भूगोल अपुरा होता. १९३८ साली कलकत्त्याहून डॉ. मुखर्जी यांनी भारतातील रुग्णाची नोंद केली आणि हा आजार एका समुद्रापुरता नाही हे दिसून आले.

५/
मग तो इतका पसरला कसा? जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४९ साली अनुमान मांडले, की या बदलाचे वाहक हिवतापाशी अधिक चांगला मुकाबला करीत असावेत. डासांच्या प्रदेशात वाहक तगले, त्यांची संतती वाढली आणि बदल टिकून राहिला. भूमध्य समुद्राचा किनारा, सिंधू नदीचे खोरे, बंगाल हे सारे हिवतापाचेच पट्टे. हेच हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

६/
या इतिहासाची खूण जनुकांतही सापडते. मुंबईत डॉ. पी. के. सुकुमारन यांच्यासारख्या संशोधकांनी निरनिराळ्या समाजांच्या हिमोग्लोबिनचा अभ्यास केला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेल्या संस्थेत (आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था) हे काम पुढे रेणूंच्या पातळीवर गेले. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत एक विशिष्ट दोष वारंवार आढळला: जनुकातील सलग ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला. स्थलांतराच्या वाटा कागदपत्रांतून पुसल्या जातात; रक्तातून जात नाहीत.

७/
तरीही हा ‘एका समाजाचा आजार’ नव्हे. भारतात सरासरी शंभरांतील तीन ते चार माणसे वाहक आहेत आणि महाराष्ट्रातील अनेक जातिजमातींत ती सापडतात. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी तालुक्यांत त्याचा चुलतभाऊ शोभावा असा दुसरा रक्तविकार आहे, सिकलसेल. तेथे प्रत्येकाला नियमित रक्त लागत नाही. परंतु काहींना पक्षाघात टाळण्यासाठी किंवा अन्य कारणांनी ते वारंवार द्यावे लागते. आणि वारंवार रक्त आले, की मागोमाग लोहाचा प्रश्न येतोच.

८/
थॅलेसेमियाच्या मुलाला जगवण्याचा एकच मार्ग होता: दुसऱ्याचे रक्त. आरंभी डॉक्टर हात राखून रक्त देत. मूल अगदीच थकले, की एक बाटली. अशा मुलांची हाडे फुगत, चेहरा बदले, पोट वाढे. १९६४ च्या सुमारास फिलाडेल्फियाचे डॉ. वोल्मन यांनी दाखवून दिले, की हिमोग्लोबिन सतत बऱ्यापैकी पातळीवर ठेवले तर मूल चांगले वाढते, शाळेत जाते, खेळते. तेव्हापासून दर दोन ते चार आठवड्यांनी, आयुष्यभर, रक्त देण्याची पद्धत रूढ झाली. पहिला प्रश्न सुटला. दुसरा तेथूनच सुरू झाला.

९/
गणित साधे आहे. निरोगी माणूस अन्नातून दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषतो आणि जवळपास तेवढेच त्वचेच्या, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर गमावतो. जास्तीचे लोह टाकून देण्याची सोय मानवी शरीरात नाहीच. रक्ताच्या एका पिशवीत मात्र सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. संपूर्ण प्रौढ शरीरात असते तीन ते चार ग्रॅम. म्हणजे पंधरा-वीस पिशव्यांतून एका माणसाच्या अंगातले सगळे लोह पुन्हा एकदा आत येते. दर महिन्याला रक्त घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे दोन वर्षांच्या आत घडू शकते.

१०/
हे लोह जाते कोठे? आधी यकृतात, मग अंतःस्रावी ग्रंथींत, स्वादुपिंडात आणि शेवटी हृदयात. मुलाची उंची खुंटते, वयात येणे लांबते, मधुमेह जडतो. किशोरवयात किंवा विशीच्या आसपास हृदयाची लय बिघडते. नियमित रक्तामुळे बालपण वाचलेली ही मुले ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर हृदयविकाराने जात. जे रक्त दर महिन्याला जीव देत होते, त्याच रक्तातला धातू हळूहळू जीव घेत होता. रक्त थांबवणे शक्य नव्हते. लोह काढण्याचा उपाय हवा होता.

११/
तो उपाय एका सूक्ष्म जिवाने दिला. स्वित्झर्लंडमध्ये सीबा ही कंपनी आणि झ्युरिकची तंत्रशास्त्र संस्था मिळून मातीतील जिवाणूंपासून नवी प्रतिजैविके शोधत होत्या. जिवाणूंनाही लोह लागते, पण मातीतले लोह सहज हाती येत नाही. म्हणून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिलोसस’ हा जिवाणू एक रेणू बाहेर सोडतो. तो रेणू लोहाला कवेत घेतो आणि मग जिवाणू त्याला आत ओढतो. १९६० साली शास्त्रज्ञांनी हा गंजाच्या रंगाचा रेणू वेगळा केला आणि त्यातले लोह काढून टाकले. उरला लोहाचा भुकेला रेणू: डेस्फेरीऑक्सामीन. या कामातील एक रसायनशास्त्रज्ञ व्लादिमीर प्रेलॉग यांना पुढे १९७५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तथापि ते अन्य संशोधनासाठी.

१२/
अशा औषधक्रियेला वैद्यकात ‘चिलेशन’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘चिले’ म्हणजे खेकड्याची नांगी. रेणू आपल्या नांगीत लोहाचा कण पकडतो आणि लघवीतून किंवा विष्ठेतून बाहेर नेतो. डेस्फेरीऑक्सामीन घेतलेल्या मुलाची लघवी तांबूस होई. आईवडिलांना तो रंग पाहून धीर येई, की काहीतरी खरोखर बाहेर पडते आहे. १९७४ साली लंडनच्या डॉक्टरांनी अनेक वर्षे हे औषध घेतलेल्या मुलांच्या यकृतातील लोह मोजले. औषध न घेणाऱ्यांपेक्षा ते कमी होते. उपाय लागू पडत होता.

१३/
पण या औषधाला एक मोठी अडचण होती. ते पोटातून घेता येत नाही आणि रक्तातून काही मिनिटांतच नाहीसे होते. एका इंजेक्शनने थोडेच काम होई. १९७६ च्या सुमारास लंडन आणि बोस्टन येथील डॉक्टरांनी मार्ग काढला: पोटाच्या त्वचेखाली बारीक सुई, तिला जोडलेला छोटा पंप आणि रात्रभर, आठ ते बारा तास, थेंबाथेंबाने औषध. आठवड्यातून पाच ते सात रात्री. जन्मभर. ज्यांनी हे नेमाने केले, ती मुले तिशी-चाळिशी पाहू लागली. ज्यांना जमले नाही, त्यांच्यासाठी जुनेच भवितव्य उभे होते.

१४/
‘नेमाने’ हा शब्द लिहायला सोपा आहे. रोज रात्री आईने कुपीतली पूड पाण्यात विरघळवायची, सिरिंज भरायची, झोपाळलेल्या लेकराच्या पोटावर नवी जागा शोधून सुई टोचायची. सकाळी सूज आणि गाठ. सहलीला जाता येत नाही, मामाच्या गावी राहता येत नाही. वयात येणारी मुले तर सुई लपवून ठेवीत, पंप बंद करीत. श्रीमंत देशांतही अनेक मृत्यूंचे कारण औषध निष्फळ ठरणे हे नव्हते. ते घेतलेच न जाणे हे होते. औषधाच्या सामर्थ्याइतकीच ते रोज घेता येण्याची सोय महत्त्वाची ठरते, हा धडा वैद्यकाने येथे घेतला.

१५/
आणि भारतात? औषधाच्या कुप्या महाग, पंप परदेशी, दोन्ही जन्मभर लागणारे. विम्याची सोय नाही, सरकारी पुरवठा नाही. बहुसंख्य कुटुंबांसाठी हा उपाय पाठ्यपुस्तकातच राहिला. नाशिकसारख्या शहरातील पालकांनी रक्ताची सोय कशीबशी लावावी, मोठ्या तज्ज्ञासाठी कसारा घाट उतरून मुंबई गाठावी आणि तेथे ‘लोह वाढले आहे, पंप घ्या’ हे ऐकून संध्याकाळच्या गाडीने परतावे, असा तो काळ. ‘कोणते औषध निवडावे’ हा प्रश्नच या घरांपुढे नव्हता. निवडायला काही असेल तर निवड.

१६/
१९८२ च्या सुमारास इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉबर्ट हायडर आणि जॉर्ज कोंटोघिओर्गेस यांनी एक छोटा, साध्या रचनेचा रेणू तयार केला. त्याचे प्रयोगशाळेतील नाव ‘एल-वन’, पुढे डेफेरिप्रोन. हा रेणू आतड्यातून शोषला जाई, म्हणजे गोळीने घेता येई. आकाराने लहान असल्याने पेशींच्या आत शिरून लोह पकडू शके. १९८७ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात प्रा. हॉफब्रँड यांच्या चमूने रुग्णांवर त्याचा उपयोग जाहीर केला. सुईविना लोह उतरते, ही बातमी सायप्रसपासून मुंबईपर्यंतच्या पालकांनी कान टवकारून ऐकली.

१७/
दोनच वर्षांत सावली पडली. १९८९ साली एका रुग्णाच्या रक्तातील संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळपास नाहीशा झाल्याची नोंद झाली. अशा अवस्थेत साधा ताप जीवघेणा ठरू शकतो. औषध थांबवल्यावर पेशी परत येतात, पण ते वेळीच कळावे लागते. पुढे हे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास असल्याचे दिसले. प्राण्यांवरील प्रयोगांतही विषारी परिणाम आढळले. या रेणूत रस घेणाऱ्या मोठ्या स्विस कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यातून अंग काढून घेतले. श्रीमंत देशांतील हिशेब सरळ होता: पंप उपलब्ध आहे, मग धोका कशाला?

१८/
मुंबईतला हिशेब वेगळा होता. डॉ. एम. बी. अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील थॅलेसेमियाग्रस्त रुग्णांवर डेफेरिप्रोनचा दीर्घकाळ अभ्यास केला. तो १९९२ साली ब्रिटनच्या रक्तविज्ञान नियतकालिकात ‘भारतीय चाचणी’ म्हणून प्रसिद्ध झाला. निष्कर्ष दुहेरी होता. गोळीने लोह उतरत होते. त्याचबरोबर अनेक रुग्णांचे सांधे, विशेषतः गुडघे, दुखू लागत होते. ही सांधेदुखी भारतीय रुग्णांत पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा अधिक दिसली. गोळी चमत्कार नव्हती. पण ती घेता येत होती.

१९/
येथे कायद्याचा इतिहास मदतीला येतो. १९७२ साली अमलात आलेल्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर मक्तेदारी देणे बंद केले. संरक्षण मिळे ते फक्त बनवण्याच्या पद्धतीला. भारतीय कंपन्यांनी स्वतःची पद्धत शोधावी आणि तेच औषध स्वस्तात करावे, असा मार्ग खुला झाला. १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत स्थापन केलेल्या सिप्लाने या मार्गाचा मोठा उपयोग केला. १९९४ साली भारतीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळून तिची ‘केल्फर’ ही कॅप्सूल आली. जगातील पहिले तोंडाने घेण्याचे लोहनिष्कासक औषध म्हणून तिची नोंद झाली.

२०/
त्याच काळात कॅनडातील टोरांटोच्या बालरुग्णालयात डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी याच औषधाची चाचणी घेत होत्या. १९९५ साली त्यांनीच चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे काही रुग्णांत औषधाचा परिणाम ओसरतो आहे, अशी शंका त्यांना आली. रुग्णांना हे सांगितले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. चाचणीस अर्थसाहाय्य करणाऱ्या ऍपोटेक्स कंपनीला त्यांचा अर्थ मान्य नव्हता. मे १९९६ मध्ये कंपनीने चाचण्या थांबवल्या आणि गोपनीयतेच्या करारावरून कायदेशीर कारवाईचा इशारा दिला.

२१/
डॉ. ऑलिव्हिएरी थांबल्या नाहीत. १९९८ साली त्यांनी डेफेरिप्रोनमुळे यकृतातील व्रणजाल वाढत असावे, असा लेख प्रसिद्ध केला. काही संशोधकांनी त्यांचा निष्कर्ष मान्य केला नाही आणि पुढील अभ्यासांत यकृताची अशी हानी आढळली नसल्याचेही मांडले गेले. परंतु वैज्ञानिक वाद वेगळा आणि रुग्णाला धोका सांगण्याचा हक्क वेगळा. कॅनडाच्या विद्यापीठ शिक्षक संघटनेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी समितीने २००१ साली निर्वाळा दिला, की रुग्णांना सावध करणे हे डॉक्टरचे कर्तव्यच होते. संशोधन-नीतीच्या अभ्यासात हे प्रकरण आजही शिकवले जाते.

२२/
आता पहिल्या प्रश्नाकडे परत येता येते. टोरांटोत गोळीची तुलना पंपाशी होत होती. मुंबईत, नाशिकमध्ये तिची तुलना होती ‘काहीच नाही’ याच्याशी. रेणू तोच, धोका तोच, परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात वेगळी वस्तू होती. पंप घेऊ शकणाऱ्या मुलासाठी शंभरांतील एकाचा धोका मोठा. हृदयविकाराने विशी न गाठणाऱ्या मुलासाठी तोच धोका पत्करण्याजोगा. औषधाची निवड ही दोन औषधांतली निवड असतेच असे नाही. अनेकदा ती दोन जगण्यांतली असते.

२३/
परंतु हा युक्तिवाद एवढ्यावर सोडणे अप्रामाणिक ठरेल. ‘काहीच नसण्यापेक्षा बरे’ या वाक्याच्या आड गरिबांवर अपुऱ्या पुराव्याची औषधे लादली गेल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. डेफेरिप्रोन सुरक्षितपणे द्यायचे, तर नियमित, प्रारंभी दर आठवड्याला, पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात आणि ताप येताच गोळी बंद करून तपासणी करावी लागते. गोळी स्वस्त करता आली. ही जागरूकता कोण पुरवणार होते? १९९४ च्या भारतात औषध तालुक्यापर्यंत पोचू शकत होते, प्रयोगशाळा सर्वत्र पोचलेली नव्हती.

२४/
पुढचे वळण आणले एका यंत्राने. हृदयातील लोह मोजण्याची खात्रीची रीत तोवर नव्हती. रक्तातील फेरिटिन पाहावे, तर ते केवळ अंदाज देते. २००१ साली लंडनच्या संशोधकांनी चुंबकीय प्रतिमेतून हृदयातले लोह मोजण्याची ‘टी-टू-स्टार’ पद्धत प्रसिद्ध केली. आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली गेला, की हृदयात लोह साठले; १० च्या खाली गेला, की धोका जवळ. आणि मग दिसले, की हृदयातले लोह काढण्यात ही वादग्रस्त गोळी पंपापेक्षा सरस ठरते. २००६ सालच्या इटलीतील अभ्यासात डेफेरिप्रोन घेणाऱ्या गटात हृदयविकाराचा एकही मृत्यू नव्हता.

२५/
म्हणजे गोळीचे कैवारी बरोबर होते? अर्धेच. टीकाकार चुकले होते? तेही अर्धेच. पांढऱ्या पेशींचा धोका खरा होता, सांधेदुखी खरी होती, काहींच्या यकृतातील लोह पुरेसे न उतरणेही खरे होते. आणि हृदय वाचत होते हेही खरे होते. म्हणून डॉक्टर दोन्ही औषधे जोडून देऊ लागले: दिवसा गोळी, काही रात्री पंप. लहान रेणू पेशीतून लोह बाहेर आणतो आणि मोठा रेणू ते रक्तातून वाहून नेतो. जी दोन औषधे प्रतिस्पर्धी मानली गेली, ती एकाच मुलाच्या उपचारपत्रावर शेजारी बसली.

२६/
नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत तिसऱ्या औषधाला परवानगी मिळाली: डेफेरासिरॉक्स. ते नोव्हार्टिसचे, म्हणजे जिच्या पूर्वजांपैकी एका कंपनीने पहिले औषध शोधले तिचेच. दिवसातून एकदाच, पाण्यात किंवा फळांच्या रसात विरघळवून घ्यायचे. पुढील काही वर्षांत त्याची भारतीय रूपेही बाजारात आली आणि आज येथील अनेक मुलांचे उपचार त्यानेच सुरू होतात. त्याचीही किंमत आहे: मूत्रपिंड आणि यकृत यांची नियमित तपासणी, काहींना पोटाचा त्रास, क्वचित आतड्यातील रक्तस्राव. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले असता ते थांबवावे लागते.

२७/
आज साधारण १० ते २० वेळा रक्त घेऊन झाले किंवा फेरिटिन प्रति मिलिलिटर १,००० नॅनोग्रॅमच्या पलीकडे गेले, की लोहनिष्कासन सुरू करतात. कोणत्या औषधाने, हे एका आकड्यावर ठरत नाही. हृदयात लोह आहे का? मूत्रपिंड कसे आहे? पांढऱ्या पेशी कधी घसरल्या होत्या का? मूल किती वर्षांचे? दिवसातून तीनदा गोळी शाळेत कोण देणार? दर महिन्याला तपासणीसाठी कामावरची मजुरी बुडवून कोण येणार? रक्तविकारतज्ज्ञ जेव्हा हे सारे विचारतो, तेव्हा तो गप्पा मारीत नसतो. औषध निवडत असतो.

२८/
मागील तीस वर्षांत पारड्यातील वजने बदलली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली आणि ऐच्छिक रक्तदानावर भर वाढला. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त विनाशुल्क देण्याचे धोरण आले. नाशिक, ठाणे, सातारा, अमरावती येथील जिल्हा रुग्णालयांत रक्तविकारांसाठी दिवसभराच्या उपचारांची केंद्रे झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमियाला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. तरी मे महिना आला, महाविद्यालये बंद झाली, रक्तदान शिबिरे थंडावली, की पिशवीसाठीची धावपळ दरवर्षी पुन्हा सुरू होते.

२९/
निवडीचा खरा कस एखाद्या पावसाळी रात्री लागतो. समजा, सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर डेफेरिप्रोन घेणाऱ्या मुलीला ताप भरला. गोळी तत्काळ बंद करायची, हे घरातल्या कोणाला ठाऊक असेल का? सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताचा नमुना घेतला जाईल का, आणि पेशींचा आकडा त्याच दिवशी परत येईल का? या तीन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील, तर ती गोळी तिच्या हृदयासाठी कदाचित सर्वोत्तम. एकही उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरे औषध बरे. औषध बदललेले नाही. रस्ता, फोन आणि प्रयोगशाळा यांनी निवड बदलली.

३०/
लोह मुळात साठूच नये, असे दोन मार्ग आहेत. एक, अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण. जुळणारा दाता आणि मोठा खर्च लागणारे, तरी आता काही साहाय्य योजनांमुळे थोडे जवळ आलेले. दुसरा फार स्वस्त आहे: लग्नापूर्वी किंवा गर्भारपणाच्या आरंभी केलेली एक रक्ततपासणी, जिच्यात हिमोग्लोबिन ए-टूचे प्रमाण पाहून वाहक ओळखता येतो. सायप्रसने १९७० च्या दशकापासून ही तपासणी समाजव्यवहाराचा भाग केली आणि तेथे थॅलेसेमियाच्या नव्या बाळांची संख्या अतिशय घटली.

३१/
तर १९९४ साली भारताने घाई केली का? पुराव्याच्या दृष्टीने, होय. आज अधिक चाचण्या मागितल्या गेल्या असत्या. पण त्या चाचण्यांची वाट पाहायला त्या पिढीकडे वर्षे नव्हती. आज चाळिशीकडे झुकलेले, नोकरी करणारे, संसार मांडलेले थॅलेसेमियाग्रस्त भारतीय आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या लहानपणी हाताशी असलेले एकमेव लोहनिष्कासक म्हणजे ती कॅप्सूल. तिने बिघडवलेले गुडघेही त्यांच्याजवळ आहेत आणि तिने राखलेले हृदयही. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन. तो ऐन रक्ताच्या टंचाईत येतो, हे नाशिकच्या रक्तदात्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

(थ्रेड समाप्त)